ब्राउन रिंगच्या खाली काय असते?

अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलमधली नायट्रेटची परीक्षा विज्ञान शाखेतून गेलेल्या बहुतेकांना आठवते. परीक्षानळीत क्षाराचे द्रावण घ्यायचे, त्यात ताजे केलेले फेरस सल्फेटचे द्रावण घालायचे, मग नळी तिरकी धरून तिच्या कडेकडेने संहत सल्फ्युरिक आम्लाचे थेंब सोडायचे. नळी हलवायची नाही. थोड्या वेळाने मधोमध एक तपकिरी कडे उमटते. मुले जर्नलमध्ये ‘ब्राउन रिंग दिसली’ असे निरीक्षण लिहितात, ‘नायट्रेट आहे’ असे अनुमान लिहितात आणि पुढच्या परीक्षेकडे वळतात.

पण कडेच का? सगळे द्रावण तपकिरी का होत नाही? आम्ल तर सर्वांत शेवटी, वरून घातलेले असते. मग ते वर का राहत नाही?

उत्तर एका आकड्यात आहे. संहत सल्फ्युरिक आम्लाची घनता १.८४ आहे, म्हणजे ते पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड. काचेच्या कडेने घसरत ते थेट तळाशी जाऊन बसते. वर नायट्रेट आणि लोह, खाली आम्ल. तिघांची गाठ पडते ती फक्त सीमेवर. तिथे नायट्रेटपासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, तो लोहाच्या आयनाला चिकटतो आणि त्या संयुगाचा रंग तपकिरी असतो. नळी हलवली की दोन्ही थर मिसळतात, उष्णता सुटते आणि हे नाजूक संयुग मोडते. कडे गेले. म्हणून हलवायचे नाही.

आता त्याच प्रयोगशाळेच्या भिंतीवर पाहा. तिथे ठळक अक्षरांत लिहिलेले असते : ‘आम्लात पाणी घालू नका, पाण्यात आम्ल घाला.’ यामागेही तोच १.८४ हा आकडा आहे. आम्ल पाण्यात मिसळताना भरपूर उष्णता बाहेर पडते. शंभर मिलिलिटर पाण्यात दहा मिलिलिटर संहत आम्ल मिसळले, तर चंचुपात्रातल्या साऱ्या द्रवाचे तापमान सुमारे तीस अंशांनी वाढते. एवढे चालते, कारण जड आम्ल खाली जात जात पाण्यात पसरते आणि उष्णता वाटून घ्यायला भोवती भरपूर पाणी असते. उलट केले तर हलके पाणी आम्लावर तरंगते. सगळी उष्णता त्या पातळ थराच्या वाट्याला येते, पाणी जागच्या जागी उकळते आणि उसळताना आम्लाचे थेंब घेऊन वर उडते. वर म्हणजे सहसा वाकून पाहणाऱ्याच्या चेहऱ्याकडे.

मुलांना पाटी पाठ असते आणि परीक्षाही पाठ असते. दोन्हींच्या मुळाशी एकच गुणधर्म आहे हे मात्र त्यांना क्वचितच कोणी सांगते. त्यातून आणखी एक गंमत अशी की, विरल आम्ले बहुतेक ठिकाणी प्रयोगशाळा परिचर सकाळीच करून ठेवतात. म्हणजे विद्यार्थ्याने जो नियम सर्वांत आधी पाठ केला, तो वापरायची वेळ त्याच्यावर दोन वर्षांत एकदाही येत नाही. आम्ल पाण्यात सोडताना चंचुपात्र बाहेरून कसे तापत जाते, हे परिचराच्या बोटांना ठाऊक असते. ते ज्ञान वर्गात पोहोचत नाही.

प्रयोगशाळेतली सुरक्षितता हा आपल्याकडे पहिल्या तासाला उरकण्याचा विषय झाला आहे. जर्नलच्या पहिल्या पानावर सूचना चिकटवलेल्या असतात. पदार्थांचे गुणधर्म त्यानंतर, वेगळ्या तासाला, वेगळ्या धड्यात. माझ्या मते ही फाळणीच चुकीची आहे. प्रत्येक सूचना ही कुठल्या तरी गुणधर्माची दुसरी बाजू असते आणि ती त्या गुणधर्माबरोबरच शिकवली पाहिजे. नुसता नियम पाठ असलेला मुलगा नियमात न बसणाऱ्या प्रसंगी अडकतो.

‘आम्लापासून सावध राहा’ ही सूचनाच घ्या. कोणत्या आम्लापासून? प्रयोगशाळेतल्या तीन मुख्य आम्लांचे स्वभाव एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. संहत हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली उघडली की त्यातला वायू बाहेर पडून दमट हवेत पांढरा धूर दिसतो. धोका आधी नाकाला आणि घशाला. नायट्रिक आम्ल प्रकाशात सावकाश विघटन पावते, त्यातून नायट्रोजन डायऑक्साइड सुटतो आणि आम्ल पिवळसर होते. म्हणून त्याची बाटली तपकिरी काचेची. त्याचा थेंब कातडीवर पडला तर पिवळा डाग पडतो आणि साबणाने कितीही घासला तरी जात नाही, कारण ती कातडीतल्या प्रथिनांशी झालेली रासायनिक अभिक्रिया असते. ती कातडी झडेल तेव्हाच डाग जाईल. हीच अभिक्रिया पुढे जीवरसायनशास्त्रात प्रथिने ओळखण्याची परीक्षा म्हणून शिकवतात. इथेही परीक्षा आणि अपघात एकच.

सल्फ्युरिक आम्ल यांहून कावेबाज. ते धुरत नाही, त्याला वास नाही, आणि साध्या तापमानाला त्याची वाफ जवळजवळ होतच नाही. विरल आम्लाचा शिंतोडा सुती शर्टावर पडला तर त्या क्षणी काहीच दिसत नाही. घरी जाईपर्यंत त्यातले पाणी उडून जाते, आम्ल मागे राहते आणि क्षणाक्षणाने संहत होत जाते. मग ते सुतातला सेल्युलोज खायला लागते. कपडा धुतला की तिथे भोक. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरणाऱ्यांच्या पँटवर अशी भोके नेहमी दिसतात. विरल आम्ल म्हणजे निरुपद्रवी, हा समज मोडायला एवढे एक उदाहरण पुरते. साखरेत संहत आम्ल ओतून काळा कोळसा फुगवून दाखवण्याचा प्रयोग शिक्षकांचा आवडता आहे आणि मुलांनाही तो आवडतो. पण आपल्या कपड्याचा सेल्युलोज हा साखरेचाच नातेवाईक आहे, हे त्याच वेळी सांगितले तर तो प्रयोग खरा कामी लागेल.

आणि आम्लांची एवढी भीती घातल्यामुळे अल्कली मात्र सौम्य वाटायला लागतात. सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण बोटांना बुळबुळीत लागते, साबणासारखे. ते साबणासारखे लागते कारण आपल्याच कातडीतल्या स्निग्ध पदार्थांचा साबण होत असतो. डोळ्यांच्या बाबतीत तर अल्कली आम्लाहून वाईट. आम्ल पेशींतली प्रथिने गोठवते, आणि तो गोठलेला थर त्याच्याच पुढच्या वाटचालीत थोडाफार अडथळा ठरतो. अल्कली पेशी विरघळवत आत आत जात राहते. पानतंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी किंवा ट्यूब हातात दाबली जाऊन लहान मुलांच्या डोळ्यांना जी इजा होते, ती याच कारणाने इतकी गंभीर असते. अशा वेळी डोळा लगेच भरपूर पाण्याने, निदान पंधरा मिनिटे धुवत राहायचा आणि मग दवाखाना गाठायचा. आम्लावर अल्कली किंवा अल्कलीवर आम्ल ओतून ‘उदासिनीकरण’ करण्याची हुशारी शरीरावर करायची नाही. उदासिनीकरण उष्मादायी असते, हे त्याच मुलाने परीक्षेत लिहिलेले असते.

बरे, ‘पाण्याने धुवा’ हाही नियम सरसकट नाही. कळीच्या चुन्याची पूड अंगावर सांडली तर आधी ती कोरडीच झटकायची, कारण चुना पाण्याने तापतो. सोडियमचा तुकडा पाण्याशी भिडला तर हायड्रोजन सुटतो आणि पेट घेतो, म्हणून तो केरोसीनमध्ये ठेवतात. लिथियमही त्याच कुळातला, पण त्याची घनता पाण्याच्या जेमतेम निम्मी आहे. तो केरोसीनवरही तरंगतो आणि वरच्या बाजूने हवेला उघडा पडतो, म्हणून त्याला पॅराफिनचा लेप द्यावा लागतो. पांढऱ्या फॉस्फरसचे नेमके उलटे. त्याचे पाण्याशी वैर नाही, हवेशी आहे, म्हणून तो पाण्यात. मुले कुठला पदार्थ कशात ठेवायचा याचे तक्ते पाठ करतात. घनता आणि अभिक्रियाशीलता हे दोन रकाने समोर असतील तर तक्ता पाठ करावाच लागत नाही.

फॉस्फरसवरून हवामानाकडे यायला हवे. रसायनशास्त्राच्या पुस्तकांतले ‘खोलीचे तापमान’ हे बहुधा वीस-पंचवीस अंश सेल्सिअस धरलेले असते. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. पांढरा फॉस्फरस हवेत साधारण तीस अंशांनाच पेट घेऊ शकतो. ईथरचा उत्कलनांक पस्तीस अंशांच्या आसपास आहे. म्हणजे थंड प्रदेशात लिहिलेल्या पुस्तकात जो द्रव आहे, तो आपल्याकडच्या बंद कपाटात मे महिन्यात उकळायच्या बेतात असतो. त्याची वाफ हवेच्या अडीचपट जड, त्यामुळे ती टेबलावरून सरपटत दूरच्या बर्नरपर्यंत जाते आणि ज्वाला तिथून उलट बाटलीपर्यंत येते. लिकर अमोनियाच्या बाटलीत उन्हाळ्यात दाब साठतो. ती आधी गार पाण्यात ठेवून, तोंड आपल्यापासून दूर धरून उघडायची असते. हे जुन्या परिचरांना ठाऊक असते आणि बहुतेक पुस्तकांत एका ओळीत उरकलेले असते. सुट्ट्यांत कुलूपबंद राहणाऱ्या आपल्या प्रयोगशाळांसाठी या एका ओळीचा खरे तर एक धडा व्हायला हवा.

स्पिरिटच्या दिव्याचेही तसेच. इथेनॉलची वाफ पेट घेण्याइतकी साठायला तेरा-चौदा अंश पुरतात, केरोसीनला त्यासाठी चाळीसच्या आसपास जावे लागते. केरोसीनच्या कंदिलाला सरावलेला माणूस जळत्या स्पिरिटच्या दिव्यात वरून स्पिरिट ओतायला धजावतो, ते या फरकाची कल्पना नसल्यामुळे. मिथेनॉल याहून वाईट. वेगवेगळ्या क्षारांवर मिथेनॉल ओतून रंगीत ज्वाला दाखवण्याच्या प्रयोगात अमेरिकेतल्या शाळांमध्ये विद्यार्थी भाजल्याच्या घटना वारंवार घडल्या, आणि २०१४ साली तिथल्या केमिकल सेफ्टी बोर्डाने याबद्दल शाळांना सावध करणारे पत्रक काढले. ज्वाला विझल्यासारखी वाटली म्हणून कोणी बाटलीतून आणखी मिथेनॉल ओततो, आणि धारेतून आग बाटलीत शिरते. आपल्याकडची तारेवर क्षार घेऊन ज्वालेत धरण्याची पद्धत दिसायला साधी, पण तेच रंग कणभर पदार्थात दाखवते. इथे जुनेच बरे.

नाकाचा विषय वेगळा मांडायला हवा, कारण नाकावर आपला फार भरवसा असतो. हायड्रोजन सल्फाइड म्हणजे सडक्या अंड्यांचा वास. डेल्फ्टचा औषधविक्रेता पेट्रस याकोबस किप याने १८४४ च्या सुमारास बनवलेल्या काचेच्या उपकरणातून हा वायू पिढ्यान्‌पिढ्या क्षार विश्लेषणासाठी वापरला गेला, आणि त्या वासानेच रसायनशास्त्राचा मजला ओळखू यायचा. हवेच्या दहा लाख भागांत एक भागाहूनही कमी असला तरी हा वायू नाकाला कळतो. मात्र त्याचे प्रमाण शंभर भागांच्या आसपास गेले की तो गंधाची जाणीवच बधिर करतो. वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटते, वायू गेला. हवेहून जड असल्यामुळे तो खोल जागेत साठून राहतो. सेप्टिक टँकमध्ये किंवा मॅनहोलमध्ये उतरलेला कामगार कोसळतो, त्याला वाचवायला उतरलेला दुसराही कोसळतो, अशा बातम्या महाराष्ट्रात वर्षानुवर्षे छापून येतात. त्या बातमीतला वायू आणि प्रॅक्टिकलमधला वायू एकच आहे हे मुलांना सांगितले, तर ‘नळीच्या तोंडाशी नाक नेऊ नका, हाताने वारा घालून थोडासाच वास घ्या’ या सूचनेला वजन येईल. खोल जागेत मात्र ती युक्तीही कामाची नाही. तिथे आधी हवा तपासायची आणि खेळती करायची. त्याआधी कोणालाच उतरवायचे नाही.

चव घेण्याची बंदी मुलांना इतकी उघड वाटते की ती कोणी मोडत असेल यावर त्यांचा विश्वास बसत नाही. पण अठराव्या शतकात चव हा नोंदवायचा गुणधर्मच होता. क्लोरीन वेगळा करणाऱ्या कार्ल विल्हेल्म शीले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने हायड्रोसायनिक आम्लाच्या चवीचीही नोंद केली. तो १७८६ मध्ये अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी गेला. पुढे १८७९ मध्ये कॉन्स्टंटिन फालबर्ग हात नीट न धुता जेवायला बसला आणि सॅकरिन सापडले. १९३७ मध्ये मायकेल स्वेडाने टेबलाच्या कडेवर ठेवलेली सिगारेट ओठांना लावली, त्यातून सायक्लामेट सापडले. १९६५ मध्ये जेम्स श्लॅटरने कागद उचलायला बोट चाटले आणि अ‍ॅस्पार्टेम हाती लागले. तीन कृत्रिम गोडवे, तिन्ही बेशिस्तीतून. चलाख विद्यार्थी हे उदाहरण तोंडावर फेकतोच. त्याला हायड्रोजन सल्फाइड ओळखण्यासाठी जो कागद वापरतात, तो दाखवावा. तो लेड अ‍ॅसिटेटमध्ये बुडवलेला असतो, आणि लेड अ‍ॅसिटेटही गोडच लागते. शिसे शरीरात साठते, मेंदूला आणि मूत्रपिंडांना इजा करते. जिभेला यातला फरक कळत नाही.

इतके सगळे झाल्यावरही नियम पाळणे पुरेसे असते का? कॅरन वेटरहान या अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापिका विषारी धातूंचा शरीरावरचा परिणाम हाच विषय अभ्यासत होत्या. १४ ऑगस्ट १९९६ रोजी त्या वायू ओढून घेणाऱ्या कपाटात, डोळ्यांवर चश्मा आणि हातांत लॅटेक्सचे मोजे घालून डायमिथिल मर्क्युरी हाताळत होत्या. एक-दोन थेंब मोज्यावर पडले. त्यांनी काम आवरले, मोजे काढले, हात धुतले. काही महिन्यांनी तोल जाणे, बोलणे अडखळणे अशी लक्षणे सुरू झाली, आणि ८ जून १९९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. नंतर चाचणी घेतली तेव्हा कळले की हा द्रव लॅटेक्सच्या मोज्यातून पंधरा सेकंदांच्या आत आरपार जातो. त्यांनी त्या वेळचा एकही नियम मोडला नव्हता. त्या मोज्याच्या बाबतीत या पदार्थाचा गुणधर्म तोवर कोणी तपासलेला नव्हता. त्यानंतर अशा पारायुक्त संयुगांसाठी वेगळ्या, थर दिलेल्या मोज्यांची शिफारस सुरू झाली. शाळेत डायमिथिल मर्क्युरी येत नाही, पण मोजा घातला म्हणजे झाले ही समजूत येते. त्यापेक्षा ‘हा मोजा कशासाठी?’ हा प्रश्न आलेला चांगला.

कपाटांबद्दल थोडेसे. अनेक ठिकाणी रसायनांच्या बाटल्या इंग्रजी आद्याक्षरांनुसार लावतात, शोधायला सोपे म्हणून. या क्रमाने नायट्रिक आम्ल नायट्रोबेन्झीनच्या शेजारी बसते, म्हणजे जोरदार ऑक्सिडीकारक आणि ज्वलनशील सेंद्रिय पदार्थ एकाच फळीवर. काड्यापेटी बनवणाऱ्यांना हे फार आधी समजले होते. पोटॅशियम क्लोरेट काडीच्या गुलावर आणि तांबडा फॉस्फरस पेटीच्या बाजूवर, मध्ये मोकळी हवा. दोन्ही एकत्र केले तर नुसत्या घासण्याने स्फोट होतो, म्हणून तर ती ‘सेफ्टी मॅचेस’. कपाट लावतानाही तोच विचार हवा : ऑक्सिडीकारके एकीकडे, ज्वलनशील द्रव दुसरीकडे, आम्ले खालच्या फळीवर प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये. आद्याक्षरांची यादी वहीत ठेवावी.

कोकणातला किंवा पुण्याकडचा बी.एस्सी. झालेला मुलगा पुढे लोटे परशुराम, महाड, तारापूर, कुरकुंभ अशा औद्योगिक वसाहतींत नोकरीला लागतो. तिथे परीक्षानळी नसते, टाक्या असतात. पण उष्णता, दाब, बाष्प आणि घनता यांचे नियम तेच असतात. भोपाळमध्ये १९८४ साली ज्या मिथाइल आयसोसायनेटने हजारो माणसे मारली, त्याचा उत्कलनांक ३९ अंश आहे, पाण्याशी त्याची अभिक्रिया उष्मादायी आहे आणि वाफ हवेच्या दुप्पट जड आहे. टाकीत पाणी शिरणे का भयंकर होते आणि वायू जमिनीलगत वस्त्यांत का पसरला, हे समजायला अकरावीचे रसायनशास्त्र पुरते.

मग हे शिकवायचे कसे? सूचनांचे पान फाडून टाका असे मी म्हणणार नाही. पहिले प्रॅक्टिकल मात्र बदलता येईल. चार परीक्षानळ्यांत चार रंगहीन द्रव द्यावेत : पाणी, मिठाचे पाणी, ग्लिसरीन आणि स्पिरिट. बर्नर बंद. चव घ्यायची नाही, थेट वास घ्यायचा नाही. कोणती नळी कशाची हे ओळखायचे, आणि प्रत्येक चाचणी करण्याआधी तिच्यात काय बिघडू शकते ते वहीत लिहायचे. मुले वजन करतील, काचपट्टीवर थेंब वाळवतील, नळी तिरकी करून प्रवाहीपणा पाहतील. एक थेंब मनगटावर ठेवून गार लागतो का पाहू, असे कोणी तरी म्हणेलच. तिथे थांबावे. द्रव कोणता हे माहीत नसताना तो अंगावर घ्यायचा का, यावर वर्गात वाद होऊ द्यावा.

तोंडी परीक्षेतही एक असा प्रश्न असावा ज्याचे उत्तर जर्नलमध्ये सापडत नाही. उदाहरणार्थ : जुलैच्या पावसात सोडियम हायड्रॉक्साइडच्या चार गोळ्या टेबलावर सांडून रात्रभर तशाच राहिल्या, तर सकाळी तिथे काय दिसेल? गोळ्या दिसणार नाहीत. त्यांनी हवेतले पाणी ओढून घेतलेले असेल आणि तिथे रंगहीन द्रवाचे छोटेसे तळे असेल, कदाचित कडेला कार्बोनेटची पांढरट साय. उपप्रश्न : ते पावसाचे पाणी समजून उघड्या हाताने पुसायला निघालेल्या माणसाला काय सांगाल? याला दोन गुण जास्त द्यायला हरकत नाही.